नको असलेले आवाज

६ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची! आजपासून मुक्काम नारपोली, भिवंडी.

टेम्पोवाल्याला गल्ली सापडेना. त्याने तीन वेळा रिव्हर्स घेतला आणि तिन्ही वेळा तोच पिवळा कुत्रा त्याच्या चाकावर भुंकत धावला. शेवटी घरमालक केसरीनाथकाका स्वतः नाक्यावर येऊन उभे राहिले. माझा अ‍ॅम्प जिन्यावरून चढवताना त्यांनी विचारलं, “यो काय गो, मिक्सर हाय का?” मी म्हटलं, गिटारचा भोंगा आहे. ते म्हणाले, वाजव वाजव, हितं लूमच्या खटखटीत कोनाला ऐकू येतंय!

घर तीन मजली. खाली काकांच्या वडिलांचा जुना लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, गाळा, आता त्यात कोणाचे तरी खोके ठेवलेले असतात. पहिल्या मजल्यावर घरची मंडळी: काका, पार्वतीकाकी, मुलगा प्रितेश, सून निशावहिनी आणि त्यांची आठ महिन्यांची गार्गी. तिला सगळे ‘बाय’ म्हणतात. आणि सगळ्यात वर गच्चीला लागून माझी एकटीची खोली. दोन खिडक्या, मोरी, भिंतीत एक कोनाडा. कित्येक वर्षं बंद होती म्हणे.

दापोड्याच्या गोदामातली ड्युटी रात्री दहा ते सकाळी सहा. परत आलेली पार्सलं उघडून माल तपासायचा. म्हणजे दुपारी झोप झाली की दोन ते सात वेळ माझा. या वेळेत मला ‘गाळ’ पुरा करायचाय. सात मिनिटांचा ट्रॅक, शब्द एकही नाही. ड्रम माझ्या बँडमधल्या हरेशने कल्याणला वाजवून पाठवलेत, बेसही त्याचाच. गिटार वाजवायची आणि सगळं मिक्स करायचं, हे माझ्याकडे. पुण्याच्या एका ग्रुपच्या संग्रहात तो जाणार आहे. २० तारखेपर्यंत द्यायचा.

आईला फोन केला. तिने विचारलं, ती भांडी पडल्यासारखी गाणी तिथेपण वाजवणार का? वाड्याच्या शेतावर बसून तिला इथली भांडी ऐकू येणार नाहीत, हे तिचं नशीब.

९ जानेवारी, गुरुवार

ही खोली म्हणजे लॉटरी आहे.

आज मधोमध उभी राहून टाळी वाजवली. रिकाम्या खोलीत टाळीचा आवाज भिंतींवरून परत येतो, म्हणून रेकॉर्डिंग करणारे लोक भिंतींना फोम लावतात, गाद्या टांगतात. इथे नुसता चुना आहे, आणि टाळी परत येत नाही! हातातून निघाली की संपली. हरेशला व्हिडिओ पाठवला, तो म्हणाला फेकू नकोस.

काका म्हणाले, पूर्वी इथे सूत ठेवायचे, भिंतींनी कापूस खाल्ला असेल. हसत होते. काकी जवळच होत्या, पण त्या हसल्या नाहीत. त्या दाराच्या आत येत नाहीत. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी आणली होती, ती उंबऱ्यावरूनच हातात दिली.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. काल आणि आज मिळून सगळी गिटार वाजवून झाली. बोटांना फोड आलेत आणि मी फार खूश आहे.

‘गाळ’च्या मध्यात दीड मिनिटाचा एक शांत भाग आहे. ड्रम थांबतात, फक्त एक स्वच्छ गिटार. तिथे मात्र माइकने गल्ली पकडली होती. गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाची घरघर, पिवळ्या कुत्र्याचं भुंकणं, खालून जिन्यातून येणारं बायचं रडणं. आणि या सगळ्याच्या मागे, फार लांब, लूम.

असे आवाज काढायला एक सॉफ्टवेअर असतं. जिथे फक्त तो आवाज आहे तेवढा तुकडा निवडायचा, आणि त्याला सांगायचं की हा मला नको. मग ते पूर्ण ट्रॅकमधून तेवढाच आवाज काढून टाकतं. पंप निवडला, म्हटलं नको. कुत्रा निवडला, नको. बायचं रडणं निवडलं. नको. मला एकटीला मोठ्याने बोलत काम करायची सवय आहे.

लूमचा आवाज ठेवला. तो हवा होता.

एरवी अशी सफाई केली की गिटार डब्यात बसल्यासारखी वाजते. आज तसं अजिबात झालं नाही. त्या दीड मिनिटात असा काळोख उतरलाय की सुरू झाल्यावर मी स्वतःच श्वास धरते. काढलेले आवाज सॉफ्टवेअर एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, चार मिनिटांची झाली. तिला नाव दिलं ‘कचरा’.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. निशावहिनीने तिळगुळ दिला, आणि म्हणाली की दोन दिवस बाय रडलेली नाही, पहिल्यांदा सलग झोप मिळाली. काकींनी लगेच मीठमोहऱ्या ओवाळल्या, दृष्ट लागायला नको म्हणून. वहिनीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळंसुद्धा कमी झाल्यासारखी वाटली.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी ड्युटीवरून आले तर काका आणि प्रितेश गच्चीवर पंप उघडून बसलेले. टाकीत पाणी नसताना रात्रभर चालू राहिला आणि जळला. प्रितेश वैतागला होता, एवढा मोठा आवाज करणारा पंप, कोणालाच कसा ऐकू आला नाही?

मी कपडे बदलून झोपले. झोप लागेना. उठून खिडकीतून पाहिलं. पिवळा कुत्रा एका टेम्पोमागे धावत होता. मान ताणून, तोंड उघडून, पोट आत ओढून, जिवाच्या आकांताने भुंकत होता.

आवाज नव्हता.

टेम्पोचा येत होता, लूमचा येत होता, दुधवाल्याच्या किटल्यांचा येत होता.

१७ जानेवारी, शुक्रवार

बाय रडत नाही असं नाहीये. ती रडते. वहिनीने आज पाहिलं. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून धारा, आणि घशातून काही नाही. भूक लागून किती वेळ रडत होती कोण जाणे, उशी भिजली होती. हसते तेही तसंच. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले, मुंबईला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलंय.

वहिनी जिन्यात बसून मला म्हणाली, “सुकन्या, मीच बोलले होते ग. एकदा कंटाळून बोलले होते, गप बस जरा. म्हणून झालं का?”

मी नाही म्हटलं. तिच्याकडे बघवलं नाही.

१८ जानेवारी, शनिवार

‘कचरा’ उघडला. चार मिनिटांची फाइल होती. आता साडेसहा तास आहे.

त्यात पंप आहे, थेट जळेपर्यंत. कुत्रा आहे. आणि बाय आहे. मी रेकॉर्ड केलेलं रडणं नव्हे, त्यानंतरचं सगळं. फाइलच्या शेवटाला गेले. तिथे ती हुंदके देत होती. हेडफोन काढून खाली धावले. वहिनीच्या खांद्यावर ती हुंदके देत होती, मुकी. वर येऊन पुन्हा कानाला लावला, तर हुंदके थांबून उचकी लागली होती.

म्हणजे फाइलच्या शेवटाला आत्ताचं ऐकू येतं.

डोकं थंड ठेवून एक करून पाहिलं. कुत्र्याचं भुंकणं ‘कचरा’तून उचलून परत ‘गाळ’मध्ये टाकलं, होतं तिथे. सेव्ह केलं. खिडकीखाली कुत्रा भुंकला. इतका दचकला स्वतःलाच की शेपूट घालून पळाला.

म्हणजे परत देता येतं.

बायचंही लगेच देता आलं असतं. पण तिचं रडणं त्या दीड मिनिटाच्या बरोबर मधोमध येतं. कुत्रा टोकाला होता, कापून टाकेन. हरेशला काल फोनवरून मिक्स ऐकवला, फाइल अजून दिलेली नाही. तो म्हणाला, आपण आयुष्यात एवढं चांगलं काही केलेलं नाही. त्याचा आवाज भरून आला होता.

परवा ट्रॅक पाठवायचा आहे. पाठवला की त्याच मिनिटाला परत देईन. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. तिला काही दुखत तर नाहीये.

२० जानेवारी, सोमवार

तीन वाजता पुण्याला आणि हरेशला ‘गाळ’ पाठवला. तीन वाजून एक मिनिटाने बायचं रडणं परत टाकलं. सेव्ह केलं.

काही झालं नाही.

दहा वेळा केलं. सगळं पुसून पहिल्यापासून केलं. हरेशला फोन लावला, तुझ्याकडची कॉपी डिलीट कर, पुण्याला सांग काढून टाका. तो म्हणाला, बरी आहेस ना? त्यांनी ऐकला, सगळ्या ग्रुपला पाठवला, लोक वेडे झालेत.

मी लिहून ठेवते, कारण कोणाला सांगता येणार नाही. शनिवारी मला ते करता येत होतं. मी केलं नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

आज बायचं बोरन्हाण. डॉक्टरची तारीख पुढच्या आठवड्यातली, तोवर घरात काही चांगलं होऊ दे, असं काकींचं म्हणणं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याच्या बांगड्या. गल्लीतली पोरं जमली. डोक्यावरून चुरमुरे, बोरं, रेवड्या, उसाचे करवे ओतले. पोरं ओरडत तुटून पडली. बाय टाळ्या पिटत हसत होती. मी दारातून पाहिलं आणि वर आले. हेडफोन लावले, निदान तिचं हसणं ऐकावं म्हणून.

ऐकत बसले. हसू थांबलं. मग एक वेगळाच आवाज आला. कोरडा, आखडलेला, जसा पाइपात हवा अडकावी.

जिना कसा उतरले आठवत नाही. बायका पोरांना खाऊ वाटत होत्या, बाय त्यांच्या पाठीमागे गादीवर, निळी पडत चाललेली. मी तिला पालथं धरून पाठीत मारलं. एक, दोन, तीन, चार. बोर बाहेर पडलं.

वहिनीने तिला छातीशी घेतलं. काकांनी मला हात जोडले. म्हणाले, देवासारखी आलीस गो पोरी.

काकी मात्र माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे बघत होत्या.

नंतर त्या वर आल्या. पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत पाय टाकला. म्हणाल्या, “तुला वरशी कसा ऐकू आला? ती तर मुकी झाली. खरा सांग.”

मी सांगितलं. सगळं. शनिवारचंसुद्धा.

त्या ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते असं: त्यांच्या सासूबाई जानकीबाई याच खोलीत लूमच्या कांड्यांवर सूत भरायच्या. पाळणा इथेच टांगलेला. थोरला मुलगा लडकू रडका होता. एकदा कामाच्या घाईत सासूबाई करवादून म्हणाल्या, नको तुझा आवाज. तेव्हापासून लडकू मुका. नऊ वर्षांचा असताना खाडीत पडला. काठावर बापयमाणसं जाळी सुकवत बसली होती, वीस पावलांवर. कोणाला हाक ऐकू गेली नाही.

“ही खोली आवाज खाते गो. नको म्हनलेला आवाज हितं ऱ्हातो. घराच्या उंबऱ्यात हाय तवर मागून मिळतो. बाहेर गेला का मंग न्हाय. मी ह्यांना बोल्ले होते, भाड्यानं देव नका. ह्यांना पटत न्हाय.”

मी विचारलं, मग काहीच उपाय नाही? त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, सासूबाई मरताना बोलल्या होत्या, बदली आवाज द्यायचा असतो. आपला. त्यांना तेव्हा धीर झाला नव्हता.

“मी देते,” काकी म्हणाल्या. “मी म्हातारी, मना काय करायचा हाय?”

त्यांचा हात धरून मी त्यांना खाली सोडून आले.

२२ जानेवारी, बुधवार

ड्युटीवर गेले नाही. हेडफोन काढता येत नाही. काढले आणि त्याच वेळेला काही अडकलं तर? बाय झोपली की तिचा श्वास ऐकते. तो लांबला की खाली धावते. वहिनीला वाटतं मला वेड लागलंय. चार वेळा दार ठोठावलं, पाचव्यांदा तिने उघडलं नाही.

काकी दोनदा जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. मी आतून कडी लावली.

चूक काकींची नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

दुपारी माइक लावला. स्वतःचं नाव सांगितलं. गावाचं नाव, आईचं नाव. हसले. खोकले. पाय आपटले, टाळी वाजवली, बांगड्या वाजवल्या. काय राहिलं ते आठवत बसले, मग लहानपणी घालायचे तशी शीळ घातली.

सगळं निवडलं.

म्हणाले, नको.

तो शब्द मला अर्धाच ऐकू आला.

चार वाजून दहा मिनिटांनी खालून बाय रडली. सगळ्या घरातून, जिन्यातून, गच्चीपर्यंत. वहिनीची किंकाळी, भांडं पडलं, काका ‘आई एकवीरे, आई एकवीरे’ ओरडत होते. मी इथे बसून रडत होते आणि मला ऐकू येत नव्हतं.

काकी वर आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. काही बोल म्हणाल्या. मी ओठ हलवले. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले, मग स्वतःचे.

२४ जानेवारी, शुक्रवार

ड्युटीवर गेले. सुपरवायझर विठूदादा तीन वेळा दचकले, कधी येऊन उभी राहतेस कळत नाही म्हणाले. घसा बसलाय असं कागदावर लिहून दाखवलं.

पार्सल फाडलं तरी आवाज नाही. पाय आपटला तरी नाही. मालाची फोर्कलिफ्ट मागे येत होती. मी ओरडले. ड्रायव्हरला कळलं नाही. खांद्याला घासून गेली.

हरेशचा फोन आला. उचलला, सवयीने बोलले. तो हॅलो, हॅलो करत राहिला. नंतर मेसेज केला, तर म्हणाला, फोनवर काहीच नव्हतं, श्वासपण नव्हता.

२५ जानेवारी, शनिवार

‘कचरा’ उघडायचा नव्हता.

उघडला. बाय त्यात नाही. पूर्ण गेली. आता फक्त मी आहे. माझी पावलं, माझा खोकला, गोदामातली ती ओरड. फोनवर हरेशशी बोललेलं सगळं, स्पष्ट.

आत्ताचं ऐकायला शेवटाला गेले, पण शेवटाला आत्ताचं नाही.

फाइल पुढे आहे. आत्ताच्या पुढे. काल किती होती ते पाहिलं नव्हतं. आज ती आत्तापासून एक दिवस आणि थोडी जास्त पुढे आहे.

उद्या दुपारी कधीतरी ती संपते.

२६ जानेवारी, रविवार

सगळे बायला घेऊन कार्ल्याला गेले, एकवीरेचा नवस फेडायला. काकी म्हणत होत्या तू चल. मी नाही म्हणून मान हलवली. बायच्या जवळ मला आता जायचं नाही. नाक्यावर झेंड्याची गाणी चालू आहेत. लूमला सुट्टी.

१:४०. सकाळपासून पुढचं ऐकतेय. त्यात मी दार उघडते आणि जिना उतरते. गल्लीपर्यंत दोन जिने, प्रत्येकी चौदा पायऱ्या. पावलं मोजली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. बेचाळीसपर्यंत मोजली. मग धावायला लागली.

नाही उतरणार. कडी लावली. इथेच बसून लिहीन.

१:५२. पुन्हा ऐकलं. बदललंय. जिना नाही. कागदावर पेन घासल्याचा आवाज आहे. हे मी आत्ता लिहितेय, तेच.

आईला मेसेज केला. काय ते लिहिता आलं नाही. जेवलीस का, एवढंच —

१:५८. फाइल नऊ मिनिटं उरलीय. पुसायला गेले, पुसली जात नाही. लॅपटॉप बंद केला तरी हेडफोनमध्ये —

वायर काढली. तरी.

२:०१. पेनाच्या आवाजाच्या मागे दुसरं काहीतरी आहे. जिन्यात. खालून वर.

पावलं. माझी. डावा पाय किंचित घासतो तो माझाच. मी खुर्चीवर बसलेय आणि मी जिना चढतेय —

हेडफोन काढले की काही नाही. गल्ली, झेंड्याची गाणी. लावले की वरच्या जिन्याची आठवी पायरी. नववी.

न लावता बसवत नाही. कुठपर्यंत आली ते कळायला —

२:०५. चौदा.

बांगड्या. कडी सरकली. कडी सरकलेली नाही, मी बघतेय, लावलेलीच आहे, पण कानात —

आता खोलीत. श्वास. मी धरलाय माझा, हा धरलेला नाही —

मागे उभी आहे. वाकली. माझ्याच आवाजात, अगदी हळू, मला म्हणते